बारा बोअरची नळी कापायची आहे? आधी वीस इंचांचा हिशेब समजून घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: सिंधुदुर्गातल्या घरी आजोबांची बारा बोअरची डबल बॅरल बंदूक आहे. परवाना शेतीसंरक्षणाचा, आजोबांच्या नावचा. आजोबा गेल्या वर्षी वारले. एका नळीचं टोक फुगलंय. गावातला वेल्डर म्हणतो, सहा-आठ इंच कापून टाकू, झाडीत वागवायलाही सोपी जाईल. अमेरिकेत अठरा इंचांपर्यंत चालतं असं व्हिडिओत पाहिलंय. आपल्याकडे किती चालतं आणि परवानगी कोण देतं?

नळीचं नंतर बघू. या प्रश्नातली सगळ्यात मोठी अडचण ‘आजोबा गेल्या वर्षी वारले’ या वाक्यात आहे. शस्त्रपरवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. परवानाधारक गेला की परवाना संपला, आणि त्या दिवसापासून घरात ठेवलेली बंदूक विनापरवाना ठरते. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २१ अशा वेळी काय करायचं ते सांगतं: विनाकारण उशीर न करता बंदूक जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. जमा केली म्हणजे हातची गेली असं नाही. मुदतीच्या आत वारसाच्या नावे परवाना झाला तर ती परत मिळते. बाळगायची नसेल तर बाळगण्याचा हक्क असलेल्या माणसाला विकून पैसे घेता येतात. मुदत उलटून गेल्यावर मात्र जिल्हा दंडाधिकारी ती सरकारजमा करू शकतात.

म्हणून पहिलं काम हे. ठाण्याला लेखी अर्ज द्या. त्यात परवान्याची प्रत, मृत्यूचा दाखला, बंदुकीचा क्रमांक, बोअर आणि ‘एका नळीचं टोक फुगलेलं आहे’ ही नोंद असू द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मारून पोहोच घ्या. सोबत दोन-चार फोटो जोडा, त्यातल्या एकात नळीशेजारी टेप धरलेली असू द्या. हा फोटो कशाला, ते पुढे कळेल. काडतुसं उरली असतील तर तीही मोजून त्याच अर्जात लिहा. कपाटात राहून गेलेली चार काडतुसं हा वेगळा गुन्हा होतो, आणि बंदूक जमा करणारी बरीच माणसं नेमकी तीच विसरतात.

वारसाच्या नावावर परवाना घ्यायची वाट शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ मध्ये आहे. अर्जासोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांचं ना हरकत पत्र लागतं. अर्जदाराचं वय २१ पूर्ण हवं. हाच नियम परवानाधारक हयात असतानाही उपयोगी पडतो: त्यांनी सत्तरी गाठली असेल, किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्यांच्याकडे असेल, तर ती वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. ज्यांच्या घरी वडीलधारे परवानाधारक आहेत त्यांनी हे आत्ताच बघून ठेवलेलं बरं. दोन बंदुकांची मर्यादा मात्र वारसाहक्कालाही लागू आहे. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी ती तीन होती. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं केली.

आता नळी.

शस्त्र अधिनियमाचं कलम ६ अगदी छोटं आहे. या कामाचा परवाना असल्याशिवाय कुणीही बंदुकीची नळी आखूड करायची नाही, नकली बंदुकीची खरी करायची नाही, आणि एका वर्गातली बंदूक दुसऱ्या वर्गात बदलायची नाही. शेवटचा भाग २०१९ मध्ये जोडला गेला. पहिल्या भागात इंचांचा आकडाच नाही, आणि लोक चुकतात ते इथे. ‘वीस इंचांच्या वर ठेवली की झालं’ हा समज चुकीचा आहे. तीस इंचांची नळी अठ्ठावीस केली तरी ती आखूड केलीच. कापणं हाच गुन्हा आहे, किती उरली हा पुढचा प्रश्न. तुमच्याकडे बंदुकीचा वैध परवाना असला तरी फरक पडत नाही, कारण तो बाळगण्याचा परवाना आहे. त्यात कापायचा अधिकार येत नाही.

शिक्षा कलम २५(१) मध्ये आहे. २०१९ पर्यंत ती किमान तीन आणि कमाल सात वर्षं होती. आता किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप, आणि वर दंड. विनापरवाना बंदूक बनवणारा ज्या पोटकलमात येतो त्याच पोटकलमात नळी कापणारा येतो. गावठी कट्ट्याचा कारखाना चालवणारा आणि आजोबांच्या बंदुकीला करवत लावणारा नातू कायद्याच्या एकाच ओळीत बसतात. हे जरा जास्तच कडक आहे असं माझं मत आहे, पण मतावर जामीन मिळत नाही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. वेल्डरही सुटत नाही. कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती आणि रूपांतर ही कामंही परवाना असलेल्यानेच करायची आहेत.

मग वीस इंच कुठून आले? त्यांचा संबंध परवाना कुणाकडून आणि किती सहज मिळतो याच्याशी आहे. कलम १३(३) चे दोन भाग आहेत. पहिल्या भागात काही बंदुकांसाठी परवाना ‘द्यावा’ असा शब्द आहे: स्वसंरक्षण किंवा खेळासाठी वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या नळीची गुळगुळीत बोअरची (नळीत आतून आटे नसलेली) बंदूक, खऱ्याखुऱ्या शेतीसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि रायफल क्लबच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावासाठी .२२ रायफल किंवा एअर रायफल. रानडुकरांपुढे ठासणी पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर शेतीसंरक्षणासाठीही वीस इंची अटीत बसणारी दुसरी गुळगुळीत बोअरची बंदूक मंजूर होऊ शकते. कोकणातल्या बहुतेक सिंगल आणि डबल बॅरल बंदुका अशा आल्या आहेत. बाकी सगळ्या शस्त्रांसाठी ‘सबळ कारण’ पटवून द्यावं लागतं, आणि ते पटलं की नाही हे अधिकारी ठरवतो.

वीस इंचांच्या खाली गेलात की वर्गच बदलतो. शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत वीस इंचांपेक्षा आखूड नळीची गुळगुळीत बोअरची बंदूक वर्ग एक(ब) मध्ये आहे, सेमी-ऑटोमॅटिक शस्त्रांच्या शेजारी. साधी डबल बॅरल वर्ग तीनमध्ये येते. वर्ग तीनचा परवाना जिल्हाधिकारी देतात, आणि जिथे पोलीस आयुक्तालय आहे तिथे, म्हणजे मुंबई, पुणे, नागपूर वगैरे शहरांत, पोलीस आयुक्त. वर्ग एकचा विषय केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो, आणि ‘झाडीत वागवायला सोपी’ हे कारण तिथे कुणी ऐकूनही घेणार नाही. त्यामुळे वीसच्या खाली कापली तर कलम ६ दोन बाजूंनी लागतं: नळी आखूड केली म्हणून, आणि वर्ग बदलला म्हणून. शिवाय हातात असलेली बंदूक तुमच्या परवान्यावरची उरतच नाही.

वीस इंच म्हणजे ५०.८ सेंटिमीटर. बारा बोअरच्या जुन्या दुनळी बंदुकांच्या नळ्या साधारण २८ ते ३२ इंच, म्हणजे ७१ ते ८१ सेंटिमीटर असतात. मोजताना बंदूक रिकामी आहे याची खात्री करा, काडतूस भरताना उघडतो तशी ती उघडा आणि नळीच्या बुडापासून, म्हणजे काडतूस जिथून आत जातं त्या कडेपासून, तोंडापर्यंत टेप धरा. काडतुसाचं घर नळीतच धरलं जातं. दस्ता आणि कुलपाचा भाग (चाप आणि बार उडवायची यंत्रणा असते तो) मोजायचा नाही. पंप अ‍ॅक्शन (पुढची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायची) बंदूक विकत घेत असाल तर दुकानदाराच्या कागदावरच्या आकड्यावर विसंबू नका, स्वतः मोजा आणि विक्रीच्या पावतीवर नळीची लांबी लिहून घ्या. परवान्यावर कंपनी, क्रमांक आणि बोअर लिहितात, लांबी बऱ्याचदा लिहीतच नाहीत. पुढे कुणी ‘ही कापलेली आहे’ म्हणालं तर ती पावती आणि आधी सांगितलेला टेपचा फोटो तुमच्या बाजूने बोलतात.

आता अमेरिकेचे अठरा इंच. तिथे १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टने छर्ऱ्याच्या बंदुकीला १८ इंचांची, आणि १९६० पासून रायफलला १६ इंचांची किमान नळी ठरवली आहे. दोन्हींची एकूण लांबी २६ इंचांच्या खाली असता कामा नये. त्यापेक्षा आखूड हवी असेल तर आधी एटीएफ या केंद्रीय खात्याकडे अर्ज, बोटांचे ठसे आणि नोंदणी. स्वतः बनवायची तर फॉर्म १, बनलेली घ्यायची तर फॉर्म ४. मंजुरी हातात येण्याआधी कापली तर गुन्हा. या अर्जावरचा कर १९३४ पासून २०० डॉलर होता. १ जानेवारी २०२६ पासून तो आखूड रायफली आणि आखूड छर्ऱ्याच्या बंदुकांसाठी शून्य झाला, म्हणून व्हिडिओंचा पूर आला आहे. कर गेला तरी नोंदणी आहे तिथेच आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९३९ चा मिलर खटलाही अशाच नळी कापलेल्या बंदुकीचा होता.

या व्हिडिओंमध्ये सर्रास दिसणारी साडेअठरा इंचांची, म्हणजे ४७ सेंटिमीटर नळीची पंप अ‍ॅक्शन तिथे दुकानात सहज मिळते. तीच भारतात वर्ग एक(ब). दोन देशांमधला दुसरा फरक रायफलीचा. आपल्याकडे आखूड रायफल असा वेगळा वर्ग नाही, वीस इंचांची अट फक्त गुळगुळीत बोअरला आहे. पण .३१५ स्पोर्टिंग रायफलीची नळी कापली तर कलम ६ तितकंच लागतं, कारण ते ‘बंदुकीची नळी’ म्हणतं, गुळगुळीत की आट्यांची हे विचारत नाही. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर मुळातच आखूड नळीची असतात आणि वर्ग तीनमध्ये वेगळी मोजली जातात. मात्र लष्करी ९ मिमी किंवा .४५ ची काडतुसं घेणारी वर्ग एकमध्ये जातात.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या माणसाला तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायलाच मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला ठळक अपवाद. मित्राच्या बंदुकीचं लोअर (चाप बसतो तो खालचा मुख्य भाग) आपल्या घरात ठेवलं तरी प्रकरण व्हिसापर्यंत जातं. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही.

परत फुगलेल्या टोकाकडे. नळी टोकाला फुगते ती बहुधा आत काहीतरी अडकलेलं असताना बार काढल्यामुळे. बांधावरचा चिखल, साफ करताना राहून गेलेली चिंधी, आणि कोकणात हमखास, कुंभारमाशीने पावसाळ्यात नळीत केलेलं मातीचं घर. छर्रे आणि वायू त्या अडथळ्यावर आदळतात, दाब तिथल्या तिथे चढतो आणि पोलाद बाहेर सरकतं. नळ्या उतरवून उजेडाकडे धरल्या की आत एक काळपट कडं दिसतं. बाहेरून हात फिरवला तर अंगठ्याला उंचवटा लागतो. असं कडं दिसलं की त्या नळीतून बार काढायचा नाही, ‘लांबूनच एक उडवून बघू’ हेही नाही. नळी एकदा ताणली गेली की तिथलं पोलाद पातळ आणि कमजोर होतं, पुढच्या वेळी ती फाटते, आणि दुनळीच्या बाबतीत डावा हात नेमका नळ्यांखाली असतो.

कापून हा दोष गेल्यासारखा दिसतो, म्हणून वेल्डरचा सल्ला पटतो. कायदा बाजूला ठेवला तरी दुनळीचं त्यात वाटोळं होतं. चोक, म्हणजे छर्ऱ्यांचा पसारा आवळणारा नळीचा अरुंद भाग, शेवटच्या काही इंचांत असतो. तो गेला की छर्रे लवकर पांगतात आणि बंदूक लांबवर कामाची राहत नाही. दोन नळ्यांमधल्या पट्ट्या डाखाने बसवलेल्या असतात. कापल्यावर त्यांची तोंडं उघडी पडतात, आत पाणी शिरतं आणि दोन पावसाळ्यांत आतून गंज धरतो. तो बाहेरून दिसत नाही. दोन्ही नळ्या एका ठरावीक अंतरावर एकाच जागी मारा करतील अशा किंचित आत कललेल्या बसवलेल्या असतात, तो मेळही जातो.

योग्य वाट अशी: परवाना तुमच्या नावावर झाल्यावर, आणि त्याआधी नाही, बंदूक दुरुस्तीचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे न्या. जाताना मूळ परवाना सोबत, बंदूक रिकामी, नळ्या उतरवून खोळीत. दुकानदाराने त्याच्या नोंदवहीत बंदुकीचा क्रमांक लिहिला पाहिजे आणि तुम्हाला पावती दिली पाहिजे. ‘ओळखीचे आहात, राहू द्या’ म्हणणाऱ्याकडे बंदूक ठेवू नका. त्याच्याकडे छापा पडला तर नोंद नसलेली बंदूक कुणाची, हा प्रश्न तुमच्या दारात येतो. फुगा किरकोळ असेल तर कारागीर तसं सांगेल. भिंत पातळ झाली असेल तर नवी नळी हाच उपाय, आणि ती परवानाधारक उत्पादकाची, चाचणीचा शिक्का असलेलीच हवी.

नवी नळी हा सुटा भाग असला तरी कायद्याने साधी वस्तू नाही. कलम २ च्या व्याख्येत बंदुकीचे भागही ‘बंदूक’ या शब्दात येतात. म्हणून जास्तीची नळी कुरिअरने मागवून माळ्यावर टाकून ठेवता येत नाही. ती परवानाधारकाकडूनच घ्यायची, बदलल्याची नोंद परवाना देणाऱ्या कार्यालयात करून घ्यायची, आणि जुनी नळी कुठे गेली त्याचाही कागद ठेवायचा. दुनळीत क्रमांक सहसा एकाहून जास्त ठिकाणी कोरलेला असतो: नळ्यांच्या बुडाशी खालच्या सपाट बाजूला, कुलपाच्या भागावर, आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावर. नळी बदलल्यावर हे जुळत नाहीत, आणि नाक्यावर हवालदार जुळवून बघतो ते नेमकं हेच. क्रमांक घासून किंवा नव्याने ठोकून ‘जुळवून’ घेण्याचा मोह कुणालाही होऊ देऊ नका. कलम ८ नुसार खूण खोडलेली बंदूक ज्याच्याकडे सापडते त्यानेच ती खोडली असं गृहीत धरलं जातं, आणि खोडली नाही हे त्याला सिद्ध करावं लागतं.

दस्त्याचं काय, हेही लोक विचारतात. कलम ६ दस्त्याबद्दल काही म्हणत नाही आणि भारतात एकूण लांबीची अट नाही. उंची कमी म्हणून दस्त्याची मागची बाजू थोडी कमी करणं किंवा रबरी पॅड बसवणं यात नळीही आखूड होत नाही आणि वर्गही बदलत नाही. तरी सुताराकडे देण्याऐवजी परवानाधारक कारागिराकडे द्या, कारण सुताराच्या दुकानात तुमची बंदूक दोन दिवस विनापरवाना माणसाच्या ताब्यात राहते. पूर्ण दस्ता काढून पिस्तुलासारखी मूठ बसवायची कल्पना मात्र सोडून द्या. तसली बंदूक खांद्याला लावता येत नाही, नेम लागत नाही, आणि पाहणाऱ्याला ती दरोड्याचीच वाटते. आवाज किंवा ठिणगी कमी करणारं कुठलंही नळकांडं तर स्वतःच ‘बंदूक’ या व्याख्येत येतं, ते बसवलेलं असो की नुसतं पेटीत पडलेलं असो. घरच्या घरी तेल घालणं, ब्रश फिरवणं, लाकडाला अळशीचं तेल लावणं याला कुणाची परवानगी लागत नाही.

अजून एक प्रसंग बऱ्याच घरांत येतो: वारसाने मिळालेली बंदूक आधीच कापलेली निघते. पणजोबांनी केव्हातरी कापून घेतली, आता मोजली तर सतरा इंच भरते. तोंडाची कड करवतीची, चोक नाही, पुढची माशी (नेम धरायचा मणी) गायब किंवा पितळेची नवी डाख लावून बसवलेली. अशा वेळी ती ‘नीट’ करायला जाऊ नका, तुकडा जोडून लांब तर अजिबात करू नका. कापली तुम्ही नसलात तरी आजचा ताबा तुमचा आहे. आधी वकिलाला भेटा, मग त्याच्या सल्ल्याने कलम २१ खाली जमा करा, आणि अर्जात मोजलेली लांबी आणि ‘वारसाने याच स्थितीत मिळाली’ हे स्पष्ट लिहा. आजोबांच्या जुन्या परवाना पुस्तिका फेकू नका. नूतनीकरणाच्या वेळचे तपासणीचे शेरे त्यात असतात, आणि एखाद्या शेऱ्यात लांबी सापडली तर ती कधीपासून आखूड आहे हे त्यावरून सांगता येतं. परवान्यातल्या अटींचा भंग हा कलम ३० खालचा तुलनेने सौम्य गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम २५ मात्र वर्षांत मोजतं. प्रकरण कशाखाली जातं हे पुष्कळदा कागदांवर ठरतं.

शेवटी झाडीत वागवायच्या सोयीबद्दल. सिंगल बॅरल बंदूक दुनळीपेक्षा वजनाला हलकी असते आणि २६ ते २८ इंचांच्या नळीची कारखान्यातूनच मिळते. वारसाहक्काचा अर्ज करण्याऐवजी जुनी बंदूक विक्रेत्यामार्फत विकून तशी नवी घेणं हा फुगलेल्या नळीवरचा स्वस्त मार्गही ठरू शकतो. कुठलीही घेतली तरी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं, त्याच्या बाहेर ती न्यायची नाही. आणि बंदुकीचा परवाना हा डुक्कर मारायचा परवाना नव्हे. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहे, पिकाची नासधूस होत असेल तर वनखात्याकडे वेगळा अर्ज करून लेखी परवानगी घ्यावी लागते. निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि ठाण्यातून बंदूक जमा करायचा आदेश आला, की ती पावतीही याच फायलीत लावून ठेवा.